विणकाम गटाची मासिक बैठक: सुईवरचे काम पुढे नेणारी दुपार कशी आखावी

विणायला चार जणी एकत्र बसल्या की गप्पा आपोआप रंगतात, परंतु संध्याकाळी घरी परतताना बहुतेकींच्या सुईवर चार-सहा ओळींपलीकडे काही वाढलेले नसते आणि ज्या जागी काम अडले होते तिथेच ते अडलेले असते. ओळी वाढवण्याचे काम घरी, दुपारच्या निवांत वेळी किंवा लोकलच्या प्रवासात होतच असते. बैठकीचा वेळ मात्र एकटीला जे जमत नाही त्यासाठी राखावा, म्हणजे दुसऱ्याच्या नजरेने काम तपासून घेणे, गळलेला टाका उचलायला शिकणे, माप चुकते आहे का हे वेळेत ओळखणे आणि अनेकींनी विणलेले तुकडे जोडून एक मोठी वस्तू पुरी करणे. हे एकदा ठरवले की बैठकीची जागा, वेळ, खाणेपिणे आणि सोबत आणायचे काम या सगळ्या गोष्टी त्या धोरणानुसार ठरवता येतात. गप्पा त्यामुळे कमी होत नाहीत, उलट त्यांना विषय मिळतो.

गट आणि जागा

सहा ते दहा सभासदांचा गट सर्वांत सोयीचा ठरतो. त्याहून कमी असतील तर दोघी गैरहजर राहिल्या की बैठक ओकीबोकी वाटते, आणि संख्या दहाच्या पुढे गेली की प्रत्येकीचे काम नीट पाहायला वेळ पुरत नाही. महिन्यातला वार पक्का असावा, उदाहरणार्थ दुसरा शनिवार, कारण दर वेळी सगळ्यांच्या सोयीची तारीख शोधत बसणारा गट थोड्याच महिन्यांत विस्कळीत होतो. दुपारी तीन ते सहा ही वेळ चांगली, कारण त्या वेळी खिडकीतून भरपूर उजेड येतो आणि गडद निळ्या किंवा काळ्या लोकरीचे टाके विजेच्या दिव्यापेक्षा त्या उजेडात कितीतरी स्पष्ट दिसतात. गडद लोकर विणणाऱ्यांनी मांडीवर पांढरा टॉवेल पसरावा आणि पांढरी लोकर विणणाऱ्यांनी गडद कापड घ्यावे. या साध्या उपायाने डोळ्यांवरचा ताण बराच हलका होतो.

बसायला हात नसलेल्या खुर्च्या किंवा सतरंजी असावी. लांब सरळ सुया खुर्चीच्या हातांना आणि शेजारणीच्या कोपराला अडतात, म्हणून ज्यांच्याकडे तारेने जोडलेल्या गोल सुया आहेत त्यांनी बैठकीला त्याच आणाव्यात. त्यांवर सपाट कामही नेहमीसारखे पुढे-मागे वळवून विणता येते. खाण्याच्या बाबतीत यजमानीणबाईंनी कितीही आग्रह केला तरी भजी, चिवडा आणि हळदीचे पदार्थ विणताना हातात असू नयेत, कारण तेलाचा किंवा हळदीचा डाग फिकट लोकरीवरून पूर्णपणे निघेलच याची खात्री देता येत नाही. साडेचारच्या सुमारास सर्वांनी काम पिशवीत ठेवून चहा-फराळ घ्यावा, हात साबणाने धुवून कोरडे करावेत आणि मग पुन्हा सुया उचलाव्यात. या खंडाचा मनगटांना आणि मानेलाही फायदा होतो.

येताना काय आणावे

प्रत्येकीने चालू काम, त्याच सुया, एक क्रोशाची सुई, मोजपट्टी, लहान कात्री, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई आणि वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे काही तुकडे आणावेत. या सगळ्याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे वही. प्रत्येक कामासाठी एक पान राखून त्यावर लोकरीचे नाव, रंगाचा क्रमांक, लेबलवरचा लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा क्रमांक), सुईचा नंबर, घातलेले टाके आणि विणून झालेल्या ओळी लिहाव्यात व कडेला लोकरीचा छोटा तुकडा चिकटवावा. लॉट नंबर वेगळा असला तर एकाच रंगाच्या दोन गुंड्यांत सूक्ष्म फरक पडतो. दुकानात तो दिसत नाही, पण स्वेटरच्या पाठीवर आडव्या पट्ट्यासारखा उठून दिसतो. पंजाबातील लुधियाना हे आपल्या लोकर उद्योगाचे प्रमुख केंद्र असून तिथल्या वर्धमान, ओसवाल, गंगा यांसारख्या कंपन्यांची लोकर महाराष्ट्रातल्या दुकानांत सहज मिळते, तरी तोच लॉट महिनाभराने पुन्हा मिळेल असे गृहीत धरू नये. कामाला लागेल त्याहून एक गुंडा जास्तच घ्यावा.

पहिला तास: सुईवर काय आहे

बैठकीची सुरुवात प्रत्येकीने आपले काम मधल्या मेजावर ठेवण्याने करावी आणि तीन गोष्टी सांगाव्यात: काय विणते आहे, कुठवर आले आहे आणि कुठे अडले आहे. ज्यांचे काम अडले आहे त्यांना आधी बोलू द्यावे, म्हणजे मदत करणाऱ्या व्यक्तीला पुढचे दोन तास त्यांच्याजवळ बसता येते. या फेरीत एकाच दुपारी केवढे वैविध्य समोर येते हे पाहण्यासारखे असते: कोणी कॅनडातल्या नातवासाठी टोपी आणि मफलर विणत असते, कोणी भाचीच्या बाळंतविड्यासाठी पायमोजे, कोणी लेकीच्या रुखवतात मांडायचे क्रोशाचे तोरण, तर कोणी नाशिकच्या थंडीसाठी स्वतःचाच बिनबाह्यांचा स्वेटर. क्रोशा करणाऱ्यांना गटात वेगळे समजू नये. दोन सुयांवर विणणाऱ्यांना किनार आणि जोडकाम करताना क्रोशाच्या मुक्या खांबाची (क्रोशाच्या आखूड, साध्या टाक्याची) गरज पडते आणि ते काम क्रोशा करणाऱ्यांइतके सफाईदार दुसऱ्या कोणाला जमत नाही.

या फेरीत प्रत्येक कामाचे माप तिथल्या तिथे मोजपट्टीने घ्यावे. विणणारी व्यक्ती आपले काम नकळत ताणून मोजते, म्हणून शेजारणीने ते सपाट ठेवून, न ओढता मोजावे. माप चुकले असेल तर पाठीचा अर्धा भाग झाल्यावर कळणे जितके बरे तितके पुढचे, मागचे आणि बाह्या पूर्ण झाल्यावर कळणे बरे नाही.

सुयांचे नंबर आणि नमुना तुकडा

आपल्याकडे सुयांवर अजूनही जुन्या इंग्रजी पद्धतीचे नंबर चालतात आणि त्या पद्धतीत नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक असते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची असते आणि १० नंबरची ३.२५ मिलिमीटर. अमेरिकी पद्धत याच्या उलट चालते आणि तिथली ८ नंबरची सुई ५ मिलिमीटर असते. इंटरनेटवरच्या अमेरिकी कृतीत ८ नंबर वाचून आपली ८ नंबरची सुई घेतली तर वस्तू लहान आणि घट्ट होते, म्हणून वहीत आणि बोलण्यात नेहमी मिलिमीटर वापरावेत. गटाने सुईची जाडी मोजणारी छिद्रांची पट्टी एकदाच विकत घ्यावी, कारण जुन्या सुयांवरचे नंबर पुसून गेलेले असतात. लोकरीच्या पदरांच्या, म्हणजे एकत्र पिळलेल्या धाग्यांच्या संख्येच्या, बाबतीतही असाच सावधपणा हवा. चार पदरी म्हणून विकली जाणारी प्रत्येक लोकर सारख्या जाडीची नसते.

यासाठी नमुना तुकडा विणण्याला पर्याय नाही. ज्या लोकरीने आणि सुईने वस्तू करायची त्यांनीच सुमारे १५ सेंटिमीटरचा चौकोन विणावा, तो धुवून वाळवावा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये किती टाके बसतात ते मोजावे, कारण कडेचे टाके नेहमी थोडे सैल किंवा ओढलेले असतात. मध्यम जाडीच्या लोकरीवर ४ मिलिमीटरच्या सुईने साधारण २२ टाके येतात. आता २०० टाक्यांचा स्वेटर २२ टाक्यांच्या हिशेबाने जवळपास ९१ सेंटिमीटर घेराचा होतो, तर हात घट्ट असल्याने २४ टाके येत असतील तर तोच ८३ सेंटिमीटरचा होतो. दहा सेंटिमीटरमागे दोन टाक्यांचा फरक किरकोळ वाटतो, पण स्वेटर अंगात जाईल की नाही हे त्यावर ठरते. टाके जास्त येत असतील तर जाड सुई घ्यावी, कमी येत असतील तर बारीक. मुद्दाम हात सैल किंवा घट्ट करून विणण्याचा प्रयत्न करू नये, कारण लक्ष गप्पांकडे गेले की हात मूळ सवयीवर परततो.

अडलेले काम सोडवणे

बैठकीत सर्वाधिक वेळ या कामाला द्यावा असे माझे ठाम मत आहे. अडलेले काम समोर आले की त्यावर लगेच सुई चालवायची नाही. आधी ते वाचायचे. सुलट टाक्याच्या दोन पाकळ्या खाली एकत्र येऊन टोक करतात, उलट टाक्याच्या पुढ्यात आडवी दाण्यासारखी गाठ दिसते. एवढे ओळखता आले की कोणत्या ओळीत चूक झाली हे मोजता येते, आणि हे वाचन शिकलेल्या व्यक्तीला पुढे कागदावरच्या कृतीची फारशी गरज पडत नाही.

गळलेला टाका दिसला तर प्रथम त्यात सुरक्षा पिन अडकवावी, म्हणजे तो आणखी खाली जात नाही. मग ओळ पुरी न करता त्या टाक्यापर्यंत पोहोचावे. टाका जिथून सुटला तिथून वर आडव्या दोऱ्यांची शिडी तयार झालेली असते. कामाची सुलट बाजू समोर धरून क्रोशाची सुई पुढून गळलेल्या टाक्यात घालावी, शिडीचा सर्वांत खालचा दोरा पकडून टाक्यातून ओढून घ्यावा, मग त्यावरचा, आणि असे करत वरपर्यंत येऊन टाका डाव्या सुईवर ठेवावा. त्याचा उजवा पाय, म्हणजे फासाची उजवी बाजू, सुईच्या पुढच्या बाजूला आहे याची खात्री करावी, अन्यथा तो पीळ पडलेला दिसतो. तिथे उलट टाके असतील तर काम फिरवून धरावे, म्हणजे मागच्या बाजूने ते सुलटच दिसतात आणि हीच रीत चालते. सर्व ओळी सुलट असलेल्या विणीत मात्र एक पायरी पुढून आणि एक मागून घ्यावी लागते, त्यामुळे तिथे घाई करू नये.

चूक अनेक ओळी खाली असेल आणि उसवण्यावाचून गत्यंतर नसेल, तर चुकीच्या खालच्या ओळीतून बोथट सुईने वेगळ्या रंगाचा दोरा ओवून घ्यावा. ओवताना प्रत्येक टाक्याचा उजवा पाय उचलला जातो आहे ना, हे शेजारी बसलेल्या व्यक्तीने तपासावे. त्यानंतर सुया काढून निर्धास्तपणे उसवता येते, कारण टाके त्या आधाराच्या दोऱ्यावर थांबतात. जाळीची वीण करणाऱ्यांनी तर असा दोरा दर आठ-दहा ओळींनी आधीच घालून ठेवावा.

नवीन सभासदाला शिकवताना

नव्या सभासदाला मध्यम जाडीची, फिकट रंगाची, गुळगुळीत लोकर आणि ४ मिलिमीटरच्या सुया द्याव्यात; केसाळ किंवा काळी लोकर कधीही देऊ नये. सुरुवातीच्या बैठकांमध्ये शिकवणारी व्यक्ती बदलू नये, कारण कोणी लोकर उजव्या हाताने सुईवर टाकते, कोणी डाव्या तर्जनीवर धरते, आणि दोन्ही पद्धती योग्य असल्या तरी एकाच दुपारी दोन्ही दाखवल्या तर शिकणाऱ्याचा गोंधळ होतो. डावखुऱ्या व्यक्तीला शेजारी बसवण्याऐवजी समोर बसवावे, म्हणजे तिला शिकवणाऱ्याचे हात आरशातल्यासारखे दिसतात. पहिली वस्तू म्हणून मफलर देण्याची पद्धत मला पटत नाही. तो इतका लांब असतो की तो अर्धवट राहण्याचीच शक्यता अधिक. त्याऐवजी पुढे दिलेला चौकोन द्यावा. तो एक-दोन दुपारींत पुरा होतो, त्यात टाके वाढवणे आणि कमी करणे दोन्ही शिकता येते आणि तो लगेच गटाच्या पांघरुणात लागतो.

सर्वांचे मिळून एक पांघरूण

गटाचा असा एक तरी समाईक प्रकल्प असावा. मोठ्या संख्येने एकत्र येऊन काय साधते याचे उदाहरण आपल्या देशातच आहे: चेन्नईत ३१ जानेवारी २०१६ रोजी मदर इंडियाज क्रोशे क्वीन्स या गटाने ११ हजार चौरस मीटरहून मोठे क्रोशाचे पांघरूण मांडून गिनेस विक्रम केला. आपल्या सात जणींच्या गटाला ९० बाय १०५ सेंटिमीटरचे, मांडीवर घेण्याजोगे पांघरूण पुरे. १५ सेंटिमीटरचे चौकोन घेतले तर आडवे सहा आणि उभे सात असे ४२ चौकोन लागतात, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याला सहा येतात.

यातली खरी अडचण अशी की सात हातांची वीण सात तऱ्हेची असते. सर्वांना ३३ टाके घालून चौकोन विणायला सांगितले तर कोणाचा १४ सेंटिमीटरचा होईल, कोणाचा १७. म्हणून चौकोन कोपऱ्यापासून तिरका विणावा, ज्यात टाके मोजण्याऐवजी बाजूची लांबी मोजली जाते. सुईवर ४ टाके घालून एक ओळ सुलट विणावी. पुढच्या प्रत्येक ओळीत सुरुवातीचे २ टाके सुलट विणावेत, लोकर सुईवरून एकदा घ्यावी आणि उरलेली ओळ सुलट पूर्ण करावी. दर ओळीला एक टाका वाढतो आणि कडेने जाळीची बारीक रांग उमटते. सुरुवातीच्या कोपऱ्यापासून सुईपर्यंतची कड १५ सेंटिमीटर झाली की वाढवणे थांबवावे. सैल हाताला तेव्हा ४० टाके असतील, घट्ट हाताला ४६, पण चौकोन सारखाच होईल. त्यानंतर प्रत्येक ओळीत पहिला टाका सुलट, पुढच्या दोन टाक्यांचा एक, लोकर सुईवरून, पुन्हा दोन टाक्यांचा एक आणि उरलेले सुलट असे विणत जावे, म्हणजे दर ओळीला एक टाका कमी होतो. ४ टाके उरले की ते बंद करावेत आणि १५ सेंटिमीटरचे शेपूट ठेवून लोकर कापावी.

पांघरूण लहान बाळासाठी असेल तर जाळीत इवली बोटे अडकू शकतात. अशा वेळी सुईवरून घेतलेला दोरा पुढच्या ओळीत मागच्या बाजूने, पीळ देऊन विणावा, म्हणजे छिद्र मिटते. आणि उतरत्या भागात पहिला टाका सुलट, पुढच्या दोनांचा एक, उरलेले सुलट एवढेच करावे.

लोकर सर्वांनी मिळून एकाच वेळी, प्रत्येक रंगाची एकाच लॉटची घ्यावी. किती घ्यायची हे पहिल्या चौकोनावरून ठरवावे. तो स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोलावा. समजा १२ ग्रॅम भरला तर ४२ चौकोनांना ५०४ ग्रॅम लागतील, आणि जोडकाम व किनारीसाठी आणखी सुमारे शंभर ग्रॅम धरून ६०० ग्रॅम आणावी. तीन रंग ठेवले तर मांडणीला वाव मिळतो, त्याहून अधिक रंगांनी पांघरूण विस्कटलेले दिसते असा माझा अनुभव आहे.

जोडणीच्या बैठकीत सर्व चौकोन पलंगावरच्या चादरीवर मांडावेत आणि एकीचे सहा चौकोन एकाच रांगेत येऊ देऊ नयेत. ते विखुरले म्हणजे विणीतला फरक जाणवत नाही. चार चौकोनांच्या तिरक्या ओळी मध्याकडे वळवल्या तर बर्फीच्या आकाराची नक्षी उमटते. मांडणी पसंत पडली की मोबाइलवर तिचा फोटो घ्यावा, प्रत्येक रांगेला क्रमांकाची चिठ्ठी लावावी आणि एकेक रांग एकेकीने घरी जोडायला न्यावी. रांगा एकमेकींना जोडण्याचे आणि किनारीचे काम मात्र एकाच व्यक्तीच्या हातून व्हावे, नाहीतर पांघरुणाच्या कडा लाटांसारख्या दिसतात.

बाळंतविड्याचे विणकाम

बैठकीत सर्वाधिक आढळणारे वैयक्तिक काम हेच असते आणि ते वेळेशी बांधलेले असल्याने त्याला थोडा प्राधान्यक्रम द्यावा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सुमारे ३५ सेंटिमीटर असतो आणि वीण ताणली जाते, म्हणून टोपी ३२ सेंटिमीटरची विणावी. दहा सेंटिमीटरला २२ टाके येत असतील तर ७० टाके होतात; दोन सुलट, दोन उलट अशा पट्टीसाठी चारने भाग जावा म्हणून ७२, आणि सपाट विणून शिवायची असल्यास कडेचे दोन धरून ७४ टाके घालावेत. पट्टीसह १० सेंटिमीटर विणून झाले की मधल्या ७२ टाक्यांचे नऊ-नऊचे आठ भाग करावेत, एक ओळ सोडून एक ओळीत प्रत्येक भागातला एक टाका कमी करत जावे आणि प्रत्येक भागात एकच टाका उरला की लोकर त्या सर्व टाक्यांतून ओवून घट्ट ओढावी. लांब बंद, सैल शिवलेली बटणे आणि गोंडे टाळावेत. दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम असली तरी बाळाच्या त्वचेला ती टोचते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्या बाळासाठी मऊ सुती दोरा घ्यावा आणि थंड प्रदेशात जाणाऱ्या बाळासाठी यंत्रात धुता येईल अशी मऊ लोकर.

धुणे, ठेवणे आणि देणे

पूर्ण झालेली वस्तू देण्याआधी धुवावी. खऱ्या लोकरीला कोमट किंवा थंड पाणी आणि सौम्य साबण वापरावा, चोळू किंवा पिळू नये, कारण गरम पाणी आणि घासणे यांमुळे तंतू एकमेकांत अडकून वस्तू आटते व जाड होते. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपावे आणि सावलीत सपाट पसरून, मापात ओढून वाळवावी. ॲक्रिलिकला इस्त्री किंवा कडक वाफ लावू नये. त्याचा लवचीकपणा कायमचा जातो आणि पट्टी सैल पडते. पावसाळ्यात पुरते वाळल्याची खात्री झाल्याशिवाय वस्तू प्लॅस्टिकमध्ये भरू नये. बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या मुळीच ठेवू नयेत, कारण त्यांतील नॅप्थलीन काही नवजात बाळांच्या रक्तपेशींना गंभीर इजा करते.

पांघरूण एखाद्या वृद्धाश्रमाला किंवा रुग्णालयाला द्यायचे असेल तर पहिला चौकोन विणण्याआधी तिथे विचारून घ्यावे की कोणते माप चालते, कपडे कोणत्या पद्धतीने धुतले जातात आणि खरी लोकर स्वीकारली जाते का. देताना सोबत कापडी पिशवी द्यावी आणि तिच्यात लोकरीचे लेबल, धुण्याची पद्धत लिहिलेली चिठ्ठी व त्याच लॉटच्या लोकरीचा छोटा गुंडा ठेवावा, म्हणजे पुढे एखादा टाका तुटला तर तिथल्या कोणालाही तो त्याच रंगाने सांधता येईल.